प्रार्थनेचा विषय

‘प्रार्थनेचा विषय’ हे दोन शब्द कानावर पडले की अजूनही माझं डोकं फिरतं. आमच्या मंडळीबाहेरच्यांना ते कळायचं नाही, म्हणून आधी सांगते. आम्हा ख्रिस्ती लोकांच्या घरगुती सभेत प्रार्थनेला बसण्याआधी कुणीतरी विचारतं, काही विषय आहेत का? मग एकजण सांगते, सासूचं ऑपरेशन आहे. दुसरी म्हणते, मुलीचं कुठे जमत नाही. एकेका विषयासाठी एकेकजण डोळे मिटून मोठ्यानं प्रार्थना करते आणि बाकीच्या आमेन म्हणतात. पद्धत चांगली आहे, मी तिला नावं ठेवत नाही. पण एकदा माझा नवरा विषय झाला, आणि आमचं घर त्यानंतर पहिल्यासारखं झालं नाही.

मध्यंतरी मंडळीतल्या बायकांनी मला बोलावलं होतं. आजारी, दुःखी माणसांच्या घरी भेटीला जाणाऱ्या नव्या बायकांना चार गोष्टी सांगा म्हणाल्या, तुम्हाला इतक्या वर्षांचा अनुभव आहे. सगळ्या वह्या उघडून बसल्या होत्या. कुठल्या दुःखाला बायबलातलं कुठलं वचन लागू पडतं याची त्यांना यादी हवी होती, औषधाच्या दुकानात असते तशी. मी म्हटलं, वह्या मिटा. जे ऐकाल ते पोटात ठेवा, एवढंच मला येतं. बिचाऱ्यांची तोंडं उतरली. एवढं सांगायला हिला रिक्षा पाठवून आणलं का, असं वाटलं असणार. का म्हणून कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. ते इथे सांगते. ज्यांचं होतं ते आता राहिले नाहीत, नाहीतर हेही लिहिलं नसतं.

लग्न होऊन मी नगरकडून चिंचवडला आले तेव्हा हमरस्त्याच्या कडेनं एकेक कारखाना उभा राहत होता आणि दोन कारखान्यांच्या मध्ये ज्वारी होती. माझा नवरा पिंपरीच्या एका कंपनीत प्रेसवर कामाला होता. प्रेस म्हणजे काय, तर पत्रा खाली ठेवायचा, पाय मारायचा, वरून घाव बसतो आणि पत्र्याचा तुकडा हव्या त्या आकाराचा होऊन निघतो. पाय आणि हात यांचा मेळ चुकला की पत्र्याऐवजी बोटं. त्यांच्या खात्यात नव्या माणसाला म्हणे पहिल्या दिवशी सांगत, इथला जुना माणूस ओळखायचा तर बोटं मोज. यांची दहाच्या दहा होती. त्याची त्यांना भारी ऐट.

आम्ही गावठाणात एका खोलीत राहायचो. घरमालकीण तिथल्याच जुन्या घरातली, माहेर रहाटणीचं. मी तिला मावशी म्हणायची. खोलीत सामान ते काय असणार. पण माझ्या आईनं लग्नात दोन उश्या दिल्या होत्या, अभ्र्यांवर तिच्या हातची फुलं. यांच्या उशीवर निळी, माझ्या उशीवर तांबडी. त्या उश्यांवरून आम्ही भांडायचो देखील. माझी जास्त मऊ आहे असं यांचं म्हणणं, आणि आईनं पोटच्या पोरीला झुकतं माप दिलं असं चिडवायचे.

एका रविवारी उपासनेहून आलो आणि जेवायला बसलो. पहिला घास तोंडात गेला असेल नसेल, हे बसल्या जागी कडेला कलंडले. दात घट्ट बसले, हातपाय झाडायला लागले, तोंडाला फेस. मी नुसती उभी. ओरडायचंसुद्धा मला सुचलं नाही. ताट वाजलेलं ऐकून मावशी आली, तिनं कोपऱ्यातला कांदा उचलला, बुक्कीनं फोडला आणि नाकाशी धरला. थोड्या वेळानं यांनी डोळे उघडले. कपडे ओले झाले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, मावशीकडे तर नाहीच. भिंतीकडे तोंड केलं.

मावशीनं जाताना मला बाहेर बोलावलं. “म्या कुनाला सांगाया जात न्हाई,” ती म्हणाली. “तू बी तोंड मिटून ऱ्हा.”

लहानपणी त्यांना आकडी यायची. मग गेली होती, आणि त्यांना वाटलं कायमची गेली. पुण्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं की मशीन, सायकल आणि विहिरीचा काठ, तिन्हीपासून लांब राहायचं. यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सायकलवर टांग मारून पहिल्या शिफ्टला प्रेसवर गेले. वर्षाच्या आत कायम करणार होते त्यांना. टेम्पररी माणसाला आकडी येते असं कळलं तर कंपनी एक दिवस ठेवणार नाही, हे तेही जाणत होते आणि मीही. जाताना म्हणाले, हे घराबाहेर जाता कामा नये. मी मान डोलावली.

मान डोलावणं सोपं असतं हो. पुढचे चार महिने मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. कंपनीचा भोंगा वाजला की हातातलं काम थांबायचं. हे साडेतीननंतर दारात आले की मी आधी हात बघायची, मग तोंड. भाकरी थापताना मनात तेच, पाणी भरताना तेच. त्यांना म्हटलं, सोडा ते प्रेस, दुसरं काही बघू. तर म्हणाले, मला एक काम येतं, तेही सोडू? भांडण झालं, आणि ते जिंकले. मी बायकांच्या सभेला जायची बंद झाले, कारण तिथे कुणी कसं काय विचारलं असतं तर मला रडू फुटलं असतं.

म्हणून पाळकीणबाई घरी आल्या. पाळकसाहेब म्हणजे आमचे धर्मगुरू; त्यांच्या या पत्नी म्हणजे आमच्या मंडळीची आई. कुणाच्या घरी दुःख आहे असं कळलं की छत्री घेऊन निघाल्याच, मग ऊन असो की चिखल. आणि त्यांना धीर देता यायचा, खोटं कशाला बोलू. चहा नको म्हणाल्या, सतरंजीवर माझ्याशेजारी बसल्या, माझा हात आपल्या मांडीवर घेतला आणि थोपटत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, मन मोकळं कर बाळ, माझ्यापाशी आलेलं कुठे जात नाही. माझी आई दोन वर्षांमागे गेलेली. बाळ म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. मी सगळं सांगून टाकलं. आकडी, डॉक्टर, प्रेस, कायम होणं, काही म्हणून ठेवलं नाही. त्यांनी माझे डोळे पुसले, माझ्यासाठी प्रार्थना केली, एक वचन दिलं. त्या दिवशी मी कितीतरी महिन्यांनी गुणगुणत स्वयंपाक केला. आज त्या गुणगुणण्याची लाज वाटते.

पुढच्या गुरुवारी मी सभेला गेले. त्यांनीच ये म्हटलं होतं. पंधरा-सोळा बायका होत्या. विषय विचारून झाले, मी काही सांगितलं नाही. डोळे मिटले. पाळकीणबाईंनी एकेक विषय देवापुढे मांडला आणि शेवटी त्यांचा आवाज भरून आला.

“प्रभू, आमच्यात एक भगिनी आहे,” त्या म्हणाल्या. “मी तिचं नाव घेत नाही, तुला ठाऊक आहे. तिच्या पतीला आकडी येते आणि तो प्रेसवर काम करतो. त्याचा हात तू सांभाळ.”

नाव घेतलं नाही, हे खरं. सगळ्या मंडळीत प्रेसवर काम करणारा माणूस एकच होता. बायका आमेन म्हणाल्या. आणि मीसुद्धा म्हणाले. सवय, दुसरं काय. प्रार्थना संपली की तोंडातून आमेन निघतं, तसं निघालं. मग डोळे उघडले तर सगळ्या जमिनीकडे बघत होत्या. माझ्या समोरच बसली होती ती, जिचा नवरा यांच्याच कंपनीत हजेरी ठेवणाऱ्या टाइम ऑफिसला होता. निघताना तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. बिचारी, असं म्हणाली. मला तेव्हाच कळून चुकलं.

दोन आठवडेसुद्धा गेले नाहीत. कंपनीच्या डॉक्टरांनी यांना बोलावून विचारलं, आणि हे खोटं बोलले नाहीत. प्रेसवरून काढलं, आठ दिवस पॅकिंगला ठेवलं आणि मग ब्रेक दिला. कामावरून कमी करण्याला तिथे ब्रेक म्हणायचे. अर्थ तुटण्याचा, पण बोलायला गोड. हे भर दुपारी घरी आले. डबा खाली ठेवला. सायकल आत घेतली नाही. कुणाला सांगितलंस, एवढंच विचारलं. मी म्हटलं, फक्त पाळकीणबाईंना, अहो, त्या प्रार्थना करणार होत्या.

त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

“देवाला सांगायचं होतं तर मी सांगितलं असतं,” ते म्हणाले. “तू माणसांना कशाला सांगितलंस?”

मी तरातरा पाळकीणबाईंकडे गेले. तेव्हा माझं वय बावीस आणि जीभ तिखट. तुम्ही केसानं गळा कापलात, असं तोंडावर म्हणाले. त्यांना खरोखर धक्का बसला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. अगं, मी काय चहाडी केली का, म्हणाल्या, मी तर प्रार्थना केली. यावर काय बोलायचं सांगा. चहाडी करणाऱ्या बाईशी भांडता येतं. प्रार्थना करणारीशी कसं भांडणार? वर म्हणाल्या, कुणास ठाऊक, प्रभूनं तुझ्या नवऱ्याचा हात असाच वाचवायचा ठरवलं असेल.

या वाक्यानं मला आयुष्यभर छळलं, कारण ते खोटं आहे असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. पुढच्याच वर्षी त्याच प्रेसवर एकाची दोन बोटं गेली, आणि तो तर धडधाकट माणूस. पाळकीणबाईंनी उपासनेत उभं राहून त्याची साक्ष दिली. देवानं आमच्या एका भावाला वेळीच कसं बाजूला काढलं म्हणून. लोकांनी माना वळवून आमच्या बाकाकडे पाहिलं. हे त्या रविवारनंतर उपासनेला आले नाहीत. म्हणजे आधी माझं दुःख त्यांचा विषय झालं, मग त्यांची साक्ष झालं. माझ्याकडे काय उरलं? हात वाचला असेल, मान्य. पण तो वाचवायचा तर मला सांगून वाचवायचा होता, माझ्या पाठीमागून नाही.

मग हे हमरस्त्यावरच्या एका गॅरेजात लागले. मालक मुसलमान, जुना मिस्त्री, सगळे त्याला चाचा म्हणायचे. चाकणहून कांद्याच्या गाड्या पुण्याला जायच्या, त्यातल्या निम्म्या चाचांच्या दारात येऊन बसायच्या. आमच्याकडे जुने ख्रिस्ती लोक एकमेकांना सलाम म्हणतात. हेही पहिल्या दिवशी सवयीनं सलाम म्हणाले आणि चाचांना वाटलं आपल्यातलेच. त्यावरून दोघं पुष्कळ हसले म्हणे. मशीनला हात लावायचा नाही असं ठरवून घेतलं होतं. हे बाकावर बसून कानशीनं घासून बुश म्हणजे पितळी नळकांडी बसवायचे, आणि असे बसवायचे की ड्रायव्हर यांचं नाव काढून यायचे. गोळ्या चालू होत्या. घरी पुन्हा आकडी आली नाही. मी सुरुवातीला रोज विचारायची, बरं आहे ना? ते म्हणायचे, ठीक आहे, विषय नको. आधी ते टोचून म्हणायचे, मग चेष्टेनं, आणि पुढे पुढे सवयीनं. डोकं दुखलं तरी विषय नको, गावाकडून भावाचं पत्र आलं तरी विषय नको. एका खोलीत राहत होतो आम्ही, आणि यांच्या मनात काय चाललंय ते मला रस्त्यावरच्या माणसाइतकंच कळायचं.

गॅरेजात लागल्यावर महिन्याभरातलीच गोष्ट. माझी उशी नाहीशी झाली. तांबड्या फुलांची. सकाळी अंगणात दोरीवर उन्हाला टाकली होती, दुपारी नाही. आईनं माझ्यासाठी केलेली ती शेवटची वस्तू. माझं माथं भडकलं. अंगण मावशीचं, तिच्याकडे येणंजाणं सतरा जणांचं. मी तिला नको ते बोलले. उशी काय पाय फुटून गेली का, असं म्हणाले. मावशी एवढंच म्हणाली की जी घरात मागाया लाजत न्हाई ती चोराया कशापायी जाईल, आणि महिनाभर माझ्याशी बोलली नाही. हे ऐकत बसले होते. त्या रात्रीपासून स्वतःची उशी मला दिली आणि आपण घोंगडीची घडी डोक्याखाली घेऊन झोपायला लागले. मला वाटलं, चला, अजून थोडी माया आहे.

आणि गंमत बघा. वर्षं गेली, पाळकसाहेबांची बदली झाली, पाळकीणबाई त्यांच्याबरोबर गेल्या, आणि भेटीगाठींचं काम मंडळीनं माझ्यावर सोपवलं. मी नाही म्हणायला हवं होतं. पण मला जिद्द होती की हे काम कसं करायचं ते दाखवून देईन. मी कुणाचं काही सभेत काढलं नाही. विषय विचारले की मी गप्प. घरी बसून, दार लावून, एकटीनं प्रार्थना करायची. हळूहळू नाव झालं, हिच्या पोटात राहतं म्हणून. आकुर्डीहून, देहूरोडहून, पार महाळुंग्याहून बायका यायच्या. कुणाचा नवरा मारायचा, कुणाचं मूल पोटात वाढत नव्हतं, कुणाला जगणं नको झालं होतं. मी ऐकायची. मला वाटायचं, माझं देणं फिटतंय. खरं सांगू, थोडा गर्वही होता.

मग ऐंशी साल उलटल्यावरची एक दुपार. हे डबा घरीच विसरून गेले होते. मी तो घेऊन गॅरेजात गेले. तशी मी तिथे फारशी जायची नाही, त्यांना आवडायचं नाही. बाहेर एक गाडी बॉनेट उघडून उभी, आणि कामाचं माणूस एकही नाही. मी आत डोकावले. मागच्या खोलीत जमिनीवर मोटारीची जुनी लांब सीट टाकलेली, तिच्यावर हे कुशीवर झोपलेले. शेजारी चाचा उकिडवे बसून पुठ्ठ्यानं माश्या वारत होते. तोंडानं काही म्हणत नव्हते, हात लावत नव्हते. नुसते बसले होते. यांच्या ओठाच्या कडेला पुसलेला फेस मला ओळखता आला. आणि डोक्याखाली माझी उशी. फुलं विटून तपकिरी झाली होती, पण आईचा टाका मी कुठेही ओळखीन.

चाचांनी मला पाहिलं आणि उठून दारात आले. मी विचारलं, कधीपासून? ते म्हणाले, पहिल्या महिन्यापासून, भाभी, कधी दोन महिन्यांनी येतं, कधी तीन. दहा-पंधरा मिनिटांत उठतात, चहा घेतात, कामाला बसतात. मी म्हटलं, इतकी वर्षं, आणि तुम्ही मला एका शब्दानं बोलला नाहीत?

“ती त्यांची अमानत आहे, भाभी,” चाचा हळू आवाजात म्हणाले. “माझी असती तर दिली असती.”

मला राग आला. चाचांचा आला, यांचा आला, मग त्या छत्रीवाल्या बाईचा नव्यानं आला. बारा गावच्या बायकांची दुःखं माझ्या पोटात ठेवली होती, आणि माझ्या घरातलं एकच दुःख या सीटवर येऊन झोपत होतं. मला फसवलं, असं मनात आलं. दोघांनी मिळून इतकी वर्षं फसवलं. आणि त्याच्या पाठोपाठ आलं की सुरुवात मी केली होती.

तेवढ्यात यांचा हात हलला. चाचांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. थांबता की जाता, असं त्यांनी विचारलं नाही, पण विचारल्यासारखंच झालं. मी थांबले असते तर त्यांनी डोळे उघडून मला पाहिलं असतं, आणि मग जगात त्यांना पडायला एकही जागा उरली नसती. मी डब्यासकट परत फिरले. भर उन्हात घरी आले आणि तो डबा मीच खाल्ला, अन्न टाकवेना म्हणून.

दोन दिवसांनी मावशीकडे गेले. ती म्हातारी झाली होती, उंबऱ्यात बसून असायची. मी म्हटलं, मावशी, उशी सापडली, चूक माझी होती. तिला आठवायला वेळ लागला. कुठं व्हती, म्हणाली. मी म्हटलं, होती एका ठिकाणी. तिनं पुढे विचारलं नाही. सापडली न्हवं, म्हणाली, झालं तर.

यांना मी कधी कळू दिलं नाही. त्या संध्याकाळी ते आले तेव्हा हात बघितले नाहीत, तोंडही नाही, पाणी दिलं. डबा विसरलात, उपाशी राहिलात का, एवढं विचारलं. चाचांनी खायला घातलं, म्हणाले. बरं आहे ना? ठीक आहे, विषय नको. मी म्हटलं, बरं.

अंथरूण घालताना निळ्या फुलांची उशी हातात आली, आणि तेव्हा कुठे मला उमगलं. यांना पडायला उशी हवी होती, तर स्वतःची होती की. ती न्यायला कुणी हरकत घेतली नसती, मी मावशीला बोललेही नसते. त्यांनी नेली ती माझी.